जो आधी दिसला, तो गेला

माझी भाची बारावीला आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे आली होती, तेव्हा एका रात्री माझ्या खुर्चीमागे उभी राहून बराच वेळ स्क्रीनकडे बघत होती. गडद निळा नकाशा, त्यावर काही वर्तुळं, दोन-चार पिवळी चिन्हं आणि कडेला सरकत जाणारा मजकूर. शेवटी तिने विचारलं, "मामा, हा युद्धाचा गेम आहे म्हणालास ना? मग यात बोटी कुठायत?"

प्रश्न अगदी बरोबर होता. समोरच्या बोटी कुठे आहेत हेच मी दोन तास शोधत होतो. आधुनिक समुद्री आणि हवाई युद्धाच्या सिम्युलेशनमध्ये बहुतेक वेळ याच कामात जातो. तोफा-क्षेपणास्त्रांचा भाग शेवटच्या काही मिनिटांत उरकतो. त्या रात्री तिला जे समजावून सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी या खेळांची ओळख. अमेरिकी नौदलात अधिकारी असलेल्या लॅरी बाँड यांनी 1980 मध्ये 'हार्पून' नावाचा कागदावर आणि फाशांवर खेळायचा खेळ प्रसिद्ध केला. 1989 मध्ये तो कॉम्प्युटरवर आला. त्याच परंपरेत 2013 साली 'कमांड' आला आणि 2019 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती 'कमांड: मॉडर्न ऑपरेशन्स'. मी मुख्यतः हाच खेळतो. यात जगभरातली हजारो जहाजं, विमानं, पाणबुड्या, रडार आणि क्षेपणास्त्रं आकड्यांच्या रूपात भरलेली आहेत, आणि याची एक व्यावसायिक आवृत्ती संरक्षण दलंही वापरतात. ज्यांना लाटा, धूर आणि जहाज प्रत्यक्ष बघायचं आहे त्यांच्यासाठी 2024 मध्ये आलेला 'सी पॉवर' आहे. विमानाच्या कॉकपिटमध्ये बसून प्रत्येक बटण स्वतः दाबायचं असेल तर 'डीसीएस'.

खेळ कुठलाही घ्या, सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे पृथ्वी गोल आहे.

अलिबागच्या किनाऱ्यावर उभं राहून समुद्राकडे बघितलं, तर क्षितिज आपल्यापासून जेमतेम साडेचार-पाच किलोमीटरवर असतं. परतणाऱ्या होडीची आधी डोलकाठी दिसते, मग हळूहळू नाळ आणि बाकीची होडी वर येते. शंभर मीटर उंच टेकडीवर चढलात तर तेच क्षितिज पस्तीस किलोमीटरवर जातं. रडारचंही असंच. रडारच्या लहरी थोड्या वाकतात, म्हणून रडारला डोळ्यापेक्षा जरा लांबचं दिसतं, पण समुद्राच्या फुगवट्याआडचं त्यालाही दिसत नाही.

हिशोब सोपा आहे. रडारची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा. लक्ष्याच्या उंचीचंही वर्गमूळ काढा. दोन्हींची बेरीज करून 4.12 ने गुणा, की किती किलोमीटरवर दिसेल ते मिळतं. युद्धनौकेचं रडार पाण्यापासून 25 मीटरवर आहे असं धरू, त्याचं वर्गमूळ 5. नऊ हजार मीटरवरून उडणारं विमान तिला 400 किलोमीटरवरूनही दिसू शकतं. पण पाण्यालगत 4 मीटरवरून येणारं क्षेपणास्त्र? 5 अधिक 2, गुणिले 4.12. फक्त 29 किलोमीटर.

आता वेग बघा. आवाजापेक्षा थोडं हळू जाणारं क्षेपणास्त्र सेकंदाला सुमारे 300 मीटर कापतं. म्हणजे ते पहिल्यांदा दिसल्यापासून आदळेपर्यंत जास्तीत जास्त दीड मिनिट. ब्रह्मोससारखं आवाजाच्या पावणेतीनपट वेगाने येणारं असेल तर अर्धं मिनिट. तेवढ्यात रडारवरचा ठिपका ओळखायचा, कप्तानाला सांगायचं, निर्णय घ्यायचा, आपलं क्षेपणास्त्र सोडायचं आणि ते वाटेत जाऊन भिडलं पाहिजे. अरबी समुद्रावर कधीकधी हवेचे थर असे बसतात की रडारच्या लहरी पाण्यालगत अडकून नेहमीपेक्षा खूप लांब जातात आणि हे गणित चुकतं. पण जहाज वाचवायला त्यावर विसंबून चालत नाही.

हे प्रत्यक्षात काय रूप घेतं ते 4 मे 1982 रोजी दक्षिण अटलांटिकमध्ये दिसलं. फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिनाचं युद्ध चालू होतं. अर्जेंटिनाच्या जुन्या नेपच्यून टेहळणी विमानाने ब्रिटिश जहाजं लांबून हेरली. मग रिओ ग्रांदे तळावरून दोन सुपर एतांदार विमानं निघाली. वाटेत त्यांनी हवेतच इंधन भरलं, नंतर लाटांना चिकटून उडाली. म्हणजे वर सांगितलेल्या फुगवट्याआड लपून. मध्येच क्षणभर वर येऊन रडार लावलं, जहाजं कुठे आहेत ते बघितलं, पुन्हा खाली. मग प्रत्येकी एक एक्झोसेट क्षेपणास्त्र सोडून माघारी वळली.

ब्रिटिश ताफ्यातल्या 'ग्लासगो' या विनाशिकेवर त्या रडारची चाहूल लागली. शेजारच्या 'शेफील्ड'वर लागली नाही. ती नेमकी त्या वेळी उपग्रहामार्फत संदेश पाठवत होती आणि तो ट्रान्समीटर चालू असताना शत्रूचं रडार ऐकणारी तिची यंत्रणा बधिर व्हायची. एक क्षेपणास्त्र चुकलं, दुसरं 'शेफील्ड'च्या कुशीत घुसलं. 20 माणसं गेली. आगीने पोखरलेलं जहाज 10 मे रोजी ओढून नेताना बुडालं.

हा प्रसंग खेळात पहिल्यांदा मांडला तेव्हा मला 'शेफील्ड'वरच्या लोकांचा राग यायचा. इतके कसे गाफील? मग ब्रिटिश बाजूने दहा-बारा वेळा खेळलो आणि राग गेला. त्यांच्याकडे उंचावरून खाली बघणारा डोळाच नव्हता. विमानवाहू नौकेवरून उडणारी गॅनेट ही रडारवाहू विमानं 1978 च्या अखेरीस 'आर्क रॉयल'ची शेवटची सफर संपली तेव्हाच गेली होती. तीन हजार मीटरवर एक रडार टांगलं तर तेच 4 मीटरवरचं क्षेपणास्त्र, निदान भूमितीच्या हिशोबाने, 29 ऐवजी 230 किलोमीटरवर दिसू शकतं. दीड मिनिटाऐवजी तेरा मिनिटं. ब्रिटिशांनी घाईघाईने सी किंग हेलिकॉप्टरला रडार बसवलं, पण ती हेलिकॉप्टरं पोहोचली तोवर युद्ध संपलं होतं. आपलं नौदल पोटाखाली रडार उघडणारी कामोव्ह-31 हेलिकॉप्टरं बाळगतं ती याच कारणासाठी.

मग रडार कायम चालू ठेवावं, असं कोणालाही वाटेल. भाचीलाही वाटलं. इथे खेळाची दुसरी पायरी सुरू होते.

अमावास्येच्या रात्री मोकळ्या माळावर तुम्ही टॉर्च घेऊन उभे आहात. टॉर्चच्या उजेडात पन्नास पावलांवरचा माणूस दिसेल. पण तुमचा टॉर्च कोसभरावरूनही दिसतो. रडार तसंच आहे. त्याची लहर लक्ष्यापर्यंत जाते, आपटते आणि त्यातला नगण्य भाग परत येतो. जाताना पसरते, येताना पुन्हा पसरते. त्यामुळे रडारचा पल्ला दुप्पट करायचा तर शक्ती सोळापट लागते. ऐकणाऱ्याला मात्र एकेरी प्रवासाचीच लहर पकडायची असते. म्हणून तुम्हाला तो दिसायच्या कितीतरी आधी त्याला तुम्ही ऐकू येता. वर, कोणत्या बनावटीचं रडार आहे हेही लहरींवरून ओळखता येतं, म्हणजे जहाज कोणत्या वर्गाचं आहे याचा अंदाज लागतो.

रडार, रेडिओ, सोनार (पाण्याखाली आवाजाने शोध घेणारी यंत्रणा) कधी चालू ठेवायचं आणि कधी गप्प राहायचं, या शिस्तीला खेळणारे 'एमकॉन' म्हणतात. सुरुवातीचे कित्येक महिने मी सगळ्या जहाजांचं सगळं चालू ठेवायचो आणि कुठून मार बसला हे कळायच्या आत हरायचो. आता मुख्य जहाजं गप्प ठेवतो. एखादं हेलिकॉप्टर बाजूला लांब पाठवून तिथून रडार लावतो, म्हणजे शत्रूने ऐकलं तरी त्याला ताफ्याची नाही, त्या हेलिकॉप्टरची दिशा कळते.

नुसतं ऐकण्याचा तोटा असा की दिशा कळते, अंतर कळत नाही. स्क्रीनवर ठिपका येत नाही, एक लांबलचक रेघ येते. शत्रू त्या रेघेवर कुठेतरी आहे. दुसऱ्या जहाजाने दुसरीकडून ऐकलं तर दोन रेघा छेदतात आणि एक वेडावाकडा चौकोन उरतो. तो चौकोन आक्रसत आणण्यात अर्धा तास, एक तास जातो. भाची बघत होती ती पिवळी चिन्हं म्हणजे असे चौकोन होते.

आणि ठिपका मिळाला तरी तो कोण आहे? मला हा भाग सगळ्यात जड वाटतो. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री आपल्या 'निर्घात', 'निपात' आणि 'वीर' या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. तोच दिवस आपण नौदल दिन म्हणून पाळतो. 'निर्घात'ने सोडलेलं पहिलं क्षेपणास्त्र पाकिस्तानी विनाशिका 'खैबर'कडे येत होतं तेव्हा त्या विनाशिकेवरच्या लोकांना त्याचा उजेड दिसला होता. त्यांना ते विमान वाटलं आणि त्यांनी विमानविरोधी तोफा चालवल्या. दिसूनही ओळखलं नाही. उलट टोकाची चूक 3 जुलै 1988 ची. इराणच्या आखातात अमेरिकी क्रूझर 'व्हिन्सेन्स'ने चालून येणारं लढाऊ विमान समजून क्षेपणास्त्रं सोडली. ते इराण एअरचं प्रवासी विमान होतं. 290 माणसं मेली. चांगल्या सिम्युलेशनमध्ये समुद्र मासेमारीच्या होड्यांनी, तेलवाहू जहाजांनी आणि आकाश प्रवासी विमानांनी भरलेलं असतं. घाई केली की एक दिवस तुम्ही तेच करता. खेळात फक्त गुण कापले जातात, पण माझा हात त्यानंतर बराच वेळ माउसवर जात नाही.

आता समजा शत्रूने तुम्हाला शोधलं आणि आठ क्षेपणास्त्रं तुमच्याकडे निघाली. इथे साधी शाळेतली संभाव्यता कामाला येते. तुमचं एक बचावाचं क्षेपणास्त्र दहापैकी सात वेळा लागतं असं धरू. हा आकडा मी उदाहरणासाठी घेतला आहे. प्रत्येकावर दोन-दोन सोडली, तर दोन्ही चुकण्याची शक्यता 0.3 गुणिले 0.3, म्हणजे 9 टक्के. 91 टक्के यश! ऐकायला उत्तम. पण आठही अडायला हवीत. 0.91 ला स्वतःनेच आठ वेळा गुणत गेलात की उरतात 47 टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा एक तरी आत घुसणार, आणि युद्धनौकेला एक पुरतं.

खर्च बघा. आठांना अडवायला सोळा गेली. आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कोलकाता आणि विशाखापट्टणम वर्गातल्या विनाशिकांवर बराक-8 क्षेपणास्त्रं असतात 32. या वेगाने दोन हल्ल्यांत कोठार रिकामं, आणि ती पुन्हा भरायची तर बंदरात जावं लागतं. मी हे पहिल्यांदा मोजलं तेव्हा चकित झालो होतो. हजारो टनांचं जहाज, आणि बचावाची मुदत 32 गोळ्यांची.

पण तेरा मिनिटं आधी दिसलं तर? मग एक सोडा, लागतंय का बघा, चुकलं तरच दुसरं सोडा. सरासरी प्रत्येकी 1.3 क्षेपणास्त्रं लागतात. आठांसाठी सोळाऐवजी दहा-अकरा. लवकर दिसणं म्हणजे कोठारात शिल्लक राहणं, हे नातं मला पुस्तकं वाचून कधी उमगलं नव्हतं. अर्थात हेलिकॉप्टरला दिसतंय पण जहाजाला दिसत नाही, अशा लक्ष्यावर जहाजाने मारायचं कसं, हा पुढचा प्रश्न. त्यावरचं उत्तर म्हणजे एकाचं बघणं दुसऱ्याने वापरणं. मे 2019 मध्ये 'आयएनएस कोची' आणि 'आयएनएस चेन्नई' यांनी पश्चिम किनाऱ्यावर अशीच चाचणी केली होती. मारा दोघींनी केला, पण दोन्हीकडची क्षेपणास्त्रं एकाच जहाजाच्या नियंत्रणाखाली होती.

हवाई युद्धाबद्दल एकच गैरसमज दूर करतो, कारण बातम्यांत तो रोज दिसतो. 'या क्षेपणास्त्राचा पल्ला 100 किलोमीटर.' हा आकडा म्हणजे नकाशावर काढलेलं वर्तुळ नव्हे. बहुतेक हवेतून हवेत मारणाऱ्या क्षेपणास्त्रांची मोटर काही सेकंदच जळते. पुढे ते गोफणीतून सुटलेल्या दगडासारखं मिळालेल्या जोरावर जातं. विमान खूप उंचावर, वेगात असेल आणि शत्रू सरळ समोरून येत असेल तर पल्ला मोठा. शत्रूने पाठ फिरवून पळ काढला तर तोच पल्ला तिसरा हिस्सा किंवा त्याहून कमी होतो, कारण क्षेपणास्त्राला त्याच्या मागे धावावं लागतं आणि प्रत्येक वळणाला दम जातो. खाली, दाट हवेत आणखी कमी. म्हणून डीसीएस खेळणारे पल्ल्यापेक्षा 'आता पळाला तरी सुटणार नाही' असं अंतर मोजतात. राफेलवरच्या मीटिओरचं कौतुक होतं ते यामुळे. त्याचं इंजिन हवा घेऊन चालतं आणि शेवटच्या टप्प्यापर्यंत जोर राखून ठेवतं.

अशा हल्ल्यातून जीव वाचवायचा एक मार्ग तर मला फार सुंदर वाटतो. लढाऊ विमानाचं रडार जमिनीच्या गोंधळातून विमान वेगळं काढतं ते त्याच्या जवळ येण्याच्या किंवा दूर जाण्याच्या वेगावरून. आगगाडीची शिट्टी जवळ येताना बारीक आणि लांब जाताना जाड ऐकू येते, तेच तत्त्व. वैमानिकाने विमान रडारला बरोबर काटकोनात वळवलं, तर तो ना जवळ येतो ना दूर जातो. जमिनीत मिसळून जातो. खेळणारे याला 'नॉच' म्हणतात. काही अंश चुकलं की पुन्हा दिसतं.

पाण्याखाली हेच सगळं आवाजाच्या रूपात घडतं. सोनारचा ठोका म्हणजे पुन्हा टॉर्चच. शिवाय आपल्या उष्ण समुद्रात वरचं पाणी गरम आणि खालचं थंड असतं. आवाज थंड थराकडे वाकतो, त्यामुळे थराखाली दडलेली पाणबुडी वरच्या जहाजाला ऐकूच येत नाही. 9 डिसेंबर 1971 रोजी दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'ने आपली 'खुकरी' बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबत राहिले. खेळात पाणबुडी शोधताना कंटाळा आला की मी तो आकडा आठवतो.

हे सगळं कितपत खरं, असं लोक विचारतात. भूमिती खरी, लहरींचं वागणं खरं. क्षेपणास्त्र किती टक्के लागेल, रडार नेमकं किती सूक्ष्म बघेल, हे आकडे मात्र उघड माहितीवरून बांधलेले अंदाज आहेत, कारण खरे आकडे कुठलंही नौदल सांगत नाही. म्हणून 'गेममध्ये अमुक देश जिंकला' हे पुरावा म्हणून फेकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

आणि आकड्यांपेक्षाही मोठा धोका माणसाचा. मे 1942 मध्ये जपानी नौदलाने प्रशांत महासागरात अमेरिकेविरुद्ध व्हायच्या मिडवेच्या लढाईचा सराव टेबलावर केला. पंचाने फासे टाकले, जपानी विमानवाहू नौकांवर नऊ बॉम्ब पडले असं निघालं. अ‍ॅडमिरल उगाकी यांनी नऊचे तीन केले. बुडालेली 'कागा' पुढच्या डावात पुन्हा तरंगू लागली. महिन्याभरात खऱ्या समुद्रात 'अकागी', 'कागा', 'सोर्यू' आणि 'हिर्यू' चारही बुडाल्या. 2002 मध्ये अमेरिकेच्या 'मिलेनियम चॅलेंज' या प्रचंड सरावात शत्रूची भूमिका निवृत्त जनरल पॉल व्हॅन रायपर यांच्याकडे होती. त्यांनी रेडिओ न वापरता मोटारसायकलवरून निरोप पाठवले, म्हणजे ऐकायला काही उरलंच नाही, आणि एका तडाख्यात 16 जहाजं बुडवली. ती जहाजं वर काढून सराव नव्याने सुरू करण्यात आला.

याच्या अगदी उलट उदाहरण लिव्हरपूलचं, आणि माझं सर्वात आवडतं. जानेवारी 1942 मध्ये कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांना जर्मन पाणबुड्यांवर उपाय शोधायला एक मजला दिला गेला. त्यांच्या हाताखाली होत्या महिला नौदलातल्या तरुण मुली. जमिनीवरच्या लिनोलियमवर चौकोन आखले, लाकडाची छोटी जहाजं मांडली. शिकायला आलेल्या कप्तानांना कापडी पडद्याआड बसवलं. फटीतून तेवढंच दिसायचं जेवढं खऱ्या जहाजाच्या ब्रिजवरून दिसलं असतं. पाणबुडीचा मार्ग अशा रंगाच्या खडूने आखायचे की पडद्याआडून दिसू नये. तिथे उलगडलं की पाणबुड्या ताफ्याच्या मागून आत शिरतात आणि रांगांमध्ये राहून मारतात. त्यावर रचलेल्या डावाला जीन लेडलॉ या तरुणीने 'रास्पबेरी' नाव दिलं. युद्ध संपेपर्यंत सुमारे पाच हजार अधिकारी त्या जमिनीवर शिकून गेले. आज गोव्यातल्या नेव्हल वॉर कॉलेजमध्ये अधिकारी वॉरगेम खेळतात, तेव्हा साधनं वेगळी असतात, पडदा तोच असतो.

सुरुवात करायची असेल तर 1982 पासून करा. शस्त्रं थोडी आहेत, नियम लवकर उमगतात. आणि आधी अर्जेंटिनाची बाजू घ्या. त्यांच्याकडे विमानातून सोडायची एक्झोसेट होती फक्त पाच. दोन 4 मे रोजी गेली. दोन 25 मे रोजी, ज्यांनी 'अटलांटिक कन्व्हेयर' हे मालवाहू जहाज आणि त्यावरची हेलिकॉप्टरं संपवली. शेवटचं 30 मे रोजी. भाचीने त्या रात्री हीच बाजू घेतली. नेपच्यून हवेत ठेवून ती पाऊण तास एकही बटण न दाबता एका रेघेकडे बघत बसली होती. दीड वाजता मी झोपायला गेलो, तेव्हा तिची पाचही शिल्लक होती.